साबणाची जाहिरात आली नाही तर

पुस्तकाची पाठ सोलताना घाई करायची नाही, असं मामंजी सांगत. बाइंडरबाईंनी सासऱ्यांचा हा नियम तेवीस वर्षं पाळला. त्यांचा दुसराही एक नियम होता. तोही पाळला, आणि खरा घोळ त्यानेच केला.

दुसरा नियम असा. जुन्या पुस्तकाच्या पाठीत, कातड्याखाली, आधीच्या बाइंडरने चिकटवलेलं रद्दी कागदाचं अस्तर असतं. ते म्हणजे जखमेवरची जुनी पट्टी. खळ लावून भिजवायची, सोलायची आणि बादलीत टाकायची. वाचत बसायचं नाही. "बाइंडर वाचायला लागला," मामंजी म्हणत, "की दुकानाला कुलूप."

मामंजी गेले आणि दुकान बाईंकडे आलं. दुकान म्हणजे ग्रंथालयाच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. दोन खिडक्या, एक लोखंडी दाबयंत्र, खळीचं पातेलं, आणि खिडकीपाशी बसून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे, शिवणारी थोरली नणंद. नणंदेची सुई जेवढी चाले तेवढीच जीभ, आणि दोन्ही कधी बोथट झाल्या नाहीत.

त्या आठवड्यात ग्रंथालयाची दोन कामं एकदम टेबलावर होती. पहिलं जुनंच. ऐंशी वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका साप्ताहिकाचे चौदा जाडजूड खंड बाई सवडीने दुरुस्त करत होत्या. अकरा झाले होते, तीन राहिले होते. दुसरं काम नवं, 'शेवटचा रकाना' या पुस्तकाच्या दोनशे प्रती. त्याच साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, शेवटच्या रकान्यात, दर आठवड्याला लेखकाचं नाव न देता गोष्ट यायची, कधी ती कित्येक आठवडे चालायची. त्या सगळ्या गोष्टी ग्रंथालयाच्या चिटणिसांनी तीन वर्षं खपून गोळा केल्या होत्या. गोष्टी साप्ताहिकाच्या संपादकांच्याच, हे सगळे धरूनच चालत होते. त्या काळात दुसरं लिहिणार कोण? आतले फर्मे छापून आले होते. शीर्षकपान, प्रस्तावना आणि पाठीवरचं नाव एवढंच बाकी होतं. सोमवारी चिटणीस येणार, आणि बाईंनी पाठीवर सोनेरी अक्षरांत संपादकांचं नाव उठवायचं, असं ठरलं होतं.

गुरुवारी सकाळी बाईंनी बारावा खंड पालथा घातला, कातडं उतरवलं आणि अस्तरावर खळ थापली. ती मुरायला अर्धा तास लागतो. तिकडे नणंद नव्या पुस्तकाचे फर्मे घडी घालता घालता वाचत होती. तिला कोणाचा नियम नव्हता.

"वहिनी, ही शिवणकाम करणारी बाई काय छळते हो! नवरा चौदा वर्षांनी परत येऊन दारात उभा, थाप मारतोय, आणि ही आठवडेच्या आठवडे कडीला हात लावून उभी. मी असते तर पहिल्याच थापेला दार उघडून दोन शब्द सुनावले असते."

"तुम्ही असता वन्सं, तर तो थाप मारायला आलाच नसता."

"ऐका तरी. 'तिने कडीला हात लावला. कडी गार होती. बाहेरचा श्वास तिला आतून ओळखू आला.' संपला रकाना! पुन्हा पुढच्या आठवड्यात. पुरुषाला काय कळतंय हो, कडी गार लागते ते?"

"वाचा कमी, शिवा जास्त," असं म्हणून बाईंनी सुरीच्या पात्याने अस्तराचं टोक उचललं. कागद अलगद सुटला. उलटी बाजू वर आली, आणि भिजलेल्या कागदावर फिकट शाईत बाईंना तीन शब्द दिसले.

कडी गार होती.

हात बादलीकडे निघाला होता, तो तिथेच थांबला. तेवीस वर्षांत तो हात तिथे कधी थांबला नव्हता.

बाईंनी कागद काचेवर पसरला. एका रकान्याचं अरुंद, लांब प्रूफ होतं, छापण्याआधी चुका तपासायला काढतात तसलं. बाजूला कोरी जागा, आणि त्या जागेत निळ्या पेन्सिलीने, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं: 'टाचणीबाई, ही दार उघडते की नाही? निदान मला तरी सांगा.' खाली कागद सरळ कापलेला होता.

नणंद सुई दातात धरून उठली. "ही टाचणीबाई कोण?"

"ते नंतर बघू. हे अक्षर कोणाचं, ते आधी सांगा."

ते सांगायला हुशारी लागत नव्हती. वाचनालयाच्या भिंतीवर, घड्याळाच्या खाली, संपादकांचं एक पत्र चौकटीत टांगलेलं होतं. वीस वर्षं त्याच्याखालून ये-जा करून दोघींना ते अक्षर स्वतःच्या सहीइतकं ओळखीचं झालं होतं.

"म्हणजे," नणंद हळूच म्हणाली, "गोष्ट लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही, गोष्टीत पुढे काय होतं ते?"

*

टाचणी ही त्या साप्ताहिकाच्या छापखान्यातली जुळारीण होती. एकेक शिशाचं अक्षर, म्हणजे खिळा, पेटीतून उचलून ओळी जुळवायच्या, हे तिचं काम. अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून नाव टाचणी. ते मोठ्या जुळाऱ्याने ठेवलं आणि संपादकांपासून सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिनेही कधी कुरकूर केली नाही. टोचल्याशिवाय टाचणीचा उपयोग काय, म्हणायची.

पान बांधायच्या, म्हणजे जुळवलेल्या ओळी पानाच्या चौकटीत बसवायच्या, दिवशी शेवटच्या रकान्यात हमखास जागा उरायची. जाहिराती ऐनवेळी येत, ऐनवेळी रद्द होत. मोठा जुळारी पानाच्या चौकटीवर वाकून ओरडायचा, "सोळा ओळी कमी पडताहेत! कोणाकडे सोळा ओळी आहेत?"

"घ्या सोळा," टाचणी म्हणायची.

कागद नाही, लेखणी नाही. डाव्या हातात ओळ धरायची पट्टी, उजवा हात खिळ्यांच्या पेटीवर, आणि गोष्ट बोटांतून थेट शिशात उतरायची. सोळा म्हणजे सोळा. मोठा जुळारी पट्टी लावून मोजायचा, एक ओळ इकडे की तिकडे होत नसे.

एकदा संपादक स्वतः खाली आले. "टाचणीबाई, कागदावर लिहून ठेवा ना. जपून राहील."

"कागदावर सुचत नाही मला. कागद फुकट वाटतो, मग माणूस वाटेल ते लिहितो. खिळा उचलावा लागतो. नको असलेला शब्द उचलायला हात कुरकुरतो."

छपाई झाली की दुसऱ्या दिवशी खिळे परत पेटीत टाकायचे, म्हणजे पुढच्या अंकाला मोकळे होतात. आदल्या दिवशी जुळवलेली गोष्ट टाचणी आपल्याच हाताने मोडायची, अक्षर अक्षर सुटं करून आपापल्या घरात टाकायची. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तीच अक्षरं तिला पुढच्या आठवड्याला हवी असत.

*

शुक्रवारी बाईंनी चिटणिसांना बोलावून घेतलं. चिटणीस गृहस्थ सज्जन, विद्वान, आणि आपल्या प्रस्तावनेवर पोटच्या पोरीसारखं प्रेम करणारे. चाळीस पानं झाली होती. तिची प्रुफं त्यांच्या काखेत कायमची असत.

त्यांनी भिंग लावून कागद पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अक्षर त्यांचंच आहे," ते म्हणाले. "पण बाई, एवढ्याशा चिठोऱ्यावरून काय ठरतं? लेखक स्वतःशी बोलतात. स्वतःलाच प्रश्न विचारतात. टाचणीबाई हे एखादं लाडकं काल्पनिक पात्र असेल."

"काल्पनिक बाईला 'निदान मला तरी सांगा' म्हणतात होय?" नणंदेने दोरा तोडला.

"मी म्हणतो, उत्तर कुठे आहे? ही बाई खरी असती तर तिने उत्तर दिलं असतं ना?"

तो प्रश्न बिनतोड होता. चिटणीस जाताना दारात थांबले. "सोमवारपर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही, तर ठरलं ते नाव. पाहुण्यांना पत्रं गेली आहेत."

ते गेल्यावर बाई बराच वेळ कागदाच्या खालच्या कडेकडे पाहत राहिल्या. कड सुरीने, एका झटक्यात, पट्टीवर कापलेली होती. विद्वानाला त्या कडेत काही दिसलं नसतं. बाइंडरला दिसलं.

"वन्सं, खंडाची पाठ किती?"

"दोन वीत."

"आणि अख्ख्या रकान्याचं प्रूफ?"

"तीन वीत तरी."

"मग एक वीत उरली. साप्ताहिक बंद पडल्यावर चौदा खंड एकाच बाइंडरने एकदम बांधलेत. तुम्ही असता तर उरलेल्या वीतभर कागदाचं काय केलं असतंत?"

"फेकते की काय! पुढच्या पाठीला लावला असता."

पुढच्या पाठीला किंवा मागच्या. मागचे अकरा खंड बाईंनी आपल्या हाताने सोलले होते. अकरा पाठींची अस्तरं बादलीत गेली होती, आणि बादली दर शनिवारी रिकामी होत होती.

"बाबांचा नियम," नणंद पुटपुटली. मामंजी तिचे वडीलच. "बाबा तरी काय..."

"बाबांना कशाला मध्ये आणता? हात माझे होते." बाईंनी पदर खोचला. "गेलं ते गेलं. दोन पाठी शिल्लक आहेत. खळ ढवळा, पातळ पाहिजे. या वेळी घाई केली तर पुस्तक बोंबलणार नाही, मी बोंबलेन."

शनिवारी तेरावा खंड सोलला. सगळी पाठ टीपकागदाची निघाली, निळसर, कोरी, शाईचे चार डाग सोडले तर मुकी. बाईंनी टीपकागदही बादलीत टाकला नाही. वाळत घातला. सवय मोडायची तर पुरती मोडावी.

चौदावा खंड सगळ्यांत वाईट अवस्थेतला होता, म्हणूनच शेवटी ठेवला होता. कातड्याचा भुगा झालेला, खाली सरस दगडासारखा. रविवारी सकाळपासून बाई त्याच्यावर वाकल्या होत्या. खळ लावायची, थांबायचं, बोटाने चाचपायचं, पुन्हा लावायची. तिसऱ्यांदा लावल्यावर वरचा थर सैल झाला. जाहिरातींचं जुनं पान. त्याखाली अजून एक जाहिरातींचं पान. त्याच्याखाली, पाठीच्या अगदी तळाशी, वीतभर लांबीचा एक तुकडा होता.

बाईंनी तुकडा सोडवला, काचेवर नेला आणि बाराव्या खंडातल्या कागदाच्या खाली सरकवला. कड कडेला भिडली. ज्या ओळीच्या मधून सुरी फिरली होती, ती ओळ जुळून अख्खी झाली.

तळाच्या कोऱ्या जागेत साध्या काळ्या पेन्सिलीने, बारीक, उभ्या अक्षरात उत्तर होतं.

*

तो पान बांधायचाच दिवस होता. टाचणीने प्रूफ परत आलेलं पाहिलं, समासातला प्रश्न वाचला आणि हसली. मोठा जुळारी म्हणाला, "हसतेस काय? वाचक पत्रं पाठवताहेत. माझी बायको मला जेवायला वाढताना विचारते, दार उघडलं का म्हणून. मी काय सांगू?"

"सांगा, जाहिरातवाल्याला विचार."

तिने कानावरची पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं: 'साबणाची जाहिरात आली नाही तर उघडेल. आली तर अजून एक आठवडा उभी राहील. उभं राहायची तिला सवय आहे. मलाही.'

प्रूफ वर गेलं आणि थोड्या वेळाने संपादकच खाली आले, कागद हातात घेऊन.

"टाचणीबाई, नाव घालू या का खाली? लोक मला विचारतात. मी नुसता हसतो, तर त्यांना वाटतं मीच."

टाचणीने पट्टीतली ओळ अंगठ्याने घट्ट केली. "नावाला एक ओळ जाते, साहेब. तेवढ्या ओळीत माझी बाई घोटभर पाणी पिऊन घेईल."

"मग पुस्तक काढलं तर? पुस्तकात तर जागा असते."

"पुस्तकात घाला की," ती म्हणाली. "तिथे मी नाही म्हणणार नाही."

पुढे साप्ताहिक बंद पडलं. संपादकांच्या हयातीत पुस्तक निघालं नाही. खिळे वितळवले गेले, आणि प्रुफांचा गठ्ठा बांधणीच्या कामाला गेला.

*

सोमवारी चिटणीस आले, ते नाव लिहिलेली चिठ्ठी आणि प्रस्तावना घेऊनच. बाईंनी त्यांना काचेपाशी नेलं. त्यांनी एकदा वाचलं. भिंग पुसून पुन्हा वाचलं.

"साबणाची जाहिरात," ते म्हणाले.

"आठवा खंड मीच दुरुस्त केलाय. हा बघा." बाईंनी खूण घातलेलं पान उघडलं. प्रुफातल्या गोष्टीच्या पुढचा अंक. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत साबणाची वडी, आणि तळाला चेपून बसवलेल्या अकरा ओळी. त्या अकरा ओळींत बाई कडीला हात लावून उभी होती. "आता त्याच्या पुढचा."

पुढच्या अंकात साबण नव्हता. अख्खा रकाना गोष्टीचा होता, आणि पहिल्याच ओळीत दार उघडलं होतं. बाईने चौदा वर्षांनी परतलेल्या नवऱ्याला नखशिखांत पाहून घेतलं होतं आणि गळ्यातली फीत हातात घेऊन विचारलं होतं, 'शर्टाचं माप द्यायचंय का? संध्याकाळी पाचला दुकान बंद होतं.'

चिटणीस स्टुलावर बसले. प्रस्तावनेची प्रुफं मांडीवर घेऊन त्यांनी सत्ताविसावं पान काढलं आणि स्वतःलाच शिक्षा दिल्यासारखं मोठ्याने वाचलं. "'येथे संपादकांनी दार हेतुपुरस्सर तीन आठवडे बंद ठेवून वाचकांची उत्कंठा शिगेला नेली आहे.'"

"साबणाने नेली," नणंद म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण चिटणीस हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. हसून झाल्यावर ते उठले, वाचनालयात गेले आणि भिंतीवरची चौकट काढून घेऊन आले. पत्र निळ्या अक्षरांशेजारी ठेवलं. खात्री सगळ्यांना होतीच. तरी त्यांनी पाहिलं.

"त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं, गोष्टी माझ्या म्हणून," ते सावकाश म्हणाले. "म्हटलं आम्ही." मग त्यांनी विचारलं, "त्या अकरा खंडांच्या पाठीत अजून काही असेल?"

"असेल. होतं. मी फेकलं."

"तुम्हाला काय माहीत..."

"माहीत नव्हतं, कारण वाचलं नाही. तुमच्या नव्या प्रस्तावनेत तसंच लिहा. अकरा पाठींची अस्तरं बाइंडरने फेकली म्हणावं. म्हणजे दुसरा कोणी फेकायच्या आधी एकदा उलटून बघेल."

चिटणीस मान डोलवत राहिले. मग त्यांना पाहुणे आठवले, पत्रं आठवली. "पण नाव काय घालायचं? नुसतं टाचणी? खरं नाव शोधायला हवं. निदान कंसात दोन शब्द, छापखान्यातील स्त्री जुळारी वगैरे..."

"त्यांनी हाक मारली ती टाचणी म्हणून," बाई म्हणाल्या, "आणि तिने ओ दिली ती त्याच हाकेला. कागदावर आहे. आणखी काय पाहिजे? तुम्ही शोधा खुशाल, सापडलं तर पुढच्या आवृत्तीला घालू. तोवर तीन अक्षरं, मधोमध."

"आणि तीन अक्षरं मोठी घेता येतात," नणंद म्हणाली. "संपादकांचं नाव दोन वीत पाठीतही मावलं नसतं."

चिटणिसांनी खिशातली चिठ्ठी काढली, बघितली आणि चार घड्या करून परत ठेवली.

बाईंनी शेगडीवर पितळी अक्षरं तापवली. फार तापली तर कातडं करपतं, कमी तापली तर सोनं धरत नाही. ओल्या कापडावर टेकवल्यावर अक्षर किती चुरचुरतं यावरून समजतं, आणि ते कोणाला शिकवून येत नाही. पहिल्या प्रतीच्या पाठीवर सोन्याचा वर्ख ठेवला. टा. च. णी. तिन्ही अक्षरं सरळ बसली. वर्खाची धूळ कापसाने टिपल्यावर ती अशी चमकली की चिटणिसांनी नकळत चष्मा सारखा केला.

"अस्तराला कागद संपलाय," नणंद म्हणाली. "बाकीच्या एकशे नव्व्याण्णव पाठींना काय लावू?"

चिटणिसांनी आपल्या हातातल्या चाळीस प्रुफांकडे पाहिलं. आता ती कशालाच उपयोगी नव्हती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि दोन बोटांनी बाईंकडे सरकवली.

"सगळ्यांना पुरणार नाहीत," ते म्हणाले. "पण ऐंशी वर्षांनी कोणी सोललं, तर हसेल मला."

"हसू दे की," बाई म्हणाल्या. सत्ताविसावं पान त्यांनी सगळ्यांत वर घेतलं, पट्टी लावली आणि पाठीच्या मापाने, समास अख्खा राहील असं, जपून कापलं.